वार एक की दोन, ते आधी विचारा

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

मागच्या अंकात जुळ्यांच्या बाळंतपणाचा नुसता उल्लेख केला आणि या महिन्याचं सगळं टपाल जुळ्यांनीच भरून गेलं. त्यातली काही पत्रं खाली घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गावं तेवढी ठेवली आहेत. कराडला इतकी वर्षं बाळंतपणं करते आहे. सोनोग्राफीत जुळी दिसली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘एकसारखी आहेत का वेगवेगळी?’ माझा पहिला प्रश्न असतो, ‘वार एक आहे का दोन?’ वार म्हणजे गर्भपिशवीत बाळाला पोसणारी प्लासेंटा. लोकांना वाटतं दोन्ही प्रश्न एकच. तसं नाही, आणि बहुतेक पत्रांतला घोळ तिथूनच सुरू झालेला दिसतो.

प्रश्न : माझ्या सुनेला तिसरा महिना संपत आलाय. रिपोर्टवर ‘डीसीडीए ट्विन्स’ असं लिहिलंय. सोनोग्राफीच्या मॅडम म्हणाल्या, वारा दोन आहेत. माझ्या जाऊबाई म्हणतात, दोन वारा म्हणजे बाळं एकसारखी नसणार. खरं का? आणि एक मुलगा, एक मुलगी आहे का, एवढंच विचारलं तर मॅडम केवढ्या रागावल्या. – एक आजी, बार्शी

उत्तर : आजी, मॅडम रागावल्या ते योग्यच झालं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशाने १९९४ मध्ये. सांगणाऱ्या डॉक्टरला त्यात शिक्षा आहे, तशी विचारणाऱ्या नातेवाइकालाही आहे. तेव्हा तो विषय बाळंतपण होईपर्यंत बंद.

जाऊबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. निम्मं का, ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या पत्रांनाही हेच लागणार आहे.

दर पाळीत बाईचं साधारण एकच बीज सुटतं. कधीकधी दोन सुटतात. बीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्रजंतू मात्र आत चार-पाच दिवस तग धरतात. दोन बीजांना दोन निरनिराळे शुक्रजंतू मिळाले की दोन स्वतंत्र गर्भ तयार होतात. ही वेगळी जुळी. त्यांचं नातं पाठच्या सख्ख्या भावंडांइतकंच असतं, फक्त दोघं एकाच वेळी मुक्कामाला आलेली. प्रत्येकाची वार आपापली आणि पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, तीही आपापली. आता गंमत अशी, की दोघं गर्भपिशवीत अगदी शेजारी रुजली तर वाढता वाढता दोन्ही वारा एकमेकींना चिकटतात आणि बाळंतपणात एकच मोठी वार पडल्यासारखी वाटते. ‘वार एकच पडली, म्हणजे पोरं एकसारखी,’ असं सांगून कित्येक सुइणी मोकळ्या झाल्या आहेत. काही डॉक्टरसुद्धा.

एकसारख्या जुळ्यांची सुरुवात एका बीजापासून आणि एकाच शुक्रजंतूपासून होते. फळलेलं बीज नळीतून गर्भपिशवीकडे सरकत असतं आणि सरकता सरकता त्याच्या पेशी दुपटीने वाढत असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या पेशींच्या कामाची वाटणी होते. बाहेरच्या थराची पुढे वार होणार, आतल्या पुंजक्याचं बाळ. ही वाटणी होण्याच्या आधी, म्हणजे पहिल्या तीन दिवसांत, गोळा दुभंगला तर दोघांनाही स्वतंत्र वार मिळते आणि स्वतंत्र पाणमोटही. एकसारख्या जुळ्यांतली साधारण एक तृतीयांश अशी असतात. जाऊबाईंचा हिशेब चुकतो तो इथे. सोनोग्राफीच्या पडद्यावर यांच्यात आणि वेगळ्या जुळ्यांत काही फरक दिसत नाही.

चौथ्या ते आठव्या दिवसांत दुभंगलं, तर वारेचा थर तोवर ठरून गेलेला असतो. मग वार एकच, पण पाणमोटी दोन. एकसारख्या जुळ्यांत हा प्रकार सगळ्यांत जास्त. आठवा दिवस उलटून गेला की पाणमोटही एकच राहते आणि दोघं एकाच पाण्यात वाढतात. असं शंभरात एखाद्याच जोडीचं होतं. आणि तेरावा दिवस गेल्यावर दुभंगायला सुरुवात झाली तर ते काम अर्धवट राहतं. बाळं छातीला, पोटाला, क्वचित डोक्याला जोडलेली राहतात. १८११ मध्ये सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, जन्मलेले चँग आणि एंग हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. ‘सयामी जुळे’ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. ते ६२ वर्षं जगले, अमेरिकेत शेती केली, दोघा भावांनी दोघी बहिणींशी लग्नं केली. शंभर वर्षांनंतर असते तर शस्त्रक्रियेने वेगळे करता आले असते, असं पुष्कळ सर्जन म्हणतात.

बीज दुभंगतंच का, याचं समाधानकारक उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. तेव्हा ‘माझ्या सुनेने काय केलं म्हणून झालं’ हा प्रश्न मनात असेल तर काढून टाका. तिने काहीही केलेलं नाही.

थोडक्यात, वार एक असेल तर जुळी एकसारखी, यात जवळजवळ शंका नाही. वारा दोन असतील तर दोन्ही शक्यता उरतात, वेगळी असण्याची बरीच जास्त. तुमच्या सुनेला एक मुलगा आणि एक मुलगी झाली तर जाऊबाई जिंकल्या. दोघं मुलगे किंवा दोघी मुली झाल्या, तर वाद पुढे चालू ठेवायला हरकत नाही. पण सुनेच्या तब्येतीच्या दृष्टीने ‘डीसी’ ही दोन अक्षरं, म्हणजे दोन वारा, चांगली बातमी आहे. (‘डीए’ म्हणजे दोन पाणमोटी.) आणि ती बातमी वेळेत मिळाली, हे त्याहून चांगलं. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात दोन पाणमोटींच्या मधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथे वारेची एक जाडसर पाचर वर घुसलेली दिसली तर वारा दोन. तिला आम्ही लॅम्डा साइन म्हणतो. पडदा पातळ आणि काटकोनात सरळ उतरला तर वार एक, ती टी साइन. पुढे पोट वाढत जातं तशी ही खूण पुसट होते. म्हणून हा रिपोर्ट हळदी-कुंकवाच्या डब्याशेजारी ठेवा, पण हरवू नका.

प्रश्न : लग्नाला सहा महिने झाले. आई मला जोडकेळं खाऊ देत नाही, जुळी होतील म्हणते. मला तर जुळीच हवी आहेत, म्हणजे एकदाच सगळं आटपेल. काय करू? – एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : केळं खा. दोन फळं एकमेकांना चिकटून वाढलेली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पोटात गेल्यावर त्याची साखरच होते, ती काही बीजांडकोशाला चिठ्ठी पाठवत नाही. नायजेरियात इग्बो-ओरा नावाचं गाव जुळ्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. तिथले लोक त्याचं श्रेय याम नावाच्या कंदाला आणि भेंडीच्या पानांच्या कालवणाला देतात. तेही सिद्ध झालेलं नाही. प्रत्येक मुलखात अशी एकेक भाजी असतेच.

‘एकदाच आटपेल’ याबद्दल मात्र बोलायला हवं. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त बाळं सदतीस आठवड्यांच्या आत येतात. आईचं रक्त कमी होणं, रक्तदाब वाढणं, साखर वाढणं, हे सगळं एका बाळाच्या वेळेपेक्षा जास्त दिसतं. झाली तर आनंदाने सांभाळू. पण मागून घेण्यातली ही गोष्ट नव्हे. तुझ्या आईने केळ्याऐवजी फोलिक ॲसिडची गोळी रोज घेतेस का, यावर लक्ष ठेवलं तर जास्त उपयोग होईल.

प्रश्न : आमच्या घराण्यात माझे आजोबा जुळे, माझी आत्या जुळी. एक पिढी सोडून जुळी होतात म्हणतात. माझ्या बायकोला होतील का? – एक शिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : गुरुजी, तुमच्या घराण्याचा तुमच्या बायकोच्या बीजांडकोशाशी काय संबंध? प्रश्न थोडा तिखट वाटेल, पण उत्तर त्यातच आहे.

वारशाने येते ती एका पाळीत दोन बीजं सुटण्याची प्रवृत्ती. म्हणजे फक्त वेगळ्या जुळ्यांचा वारसा. एकसारखी जुळी जगात कुठेही पाहिलंत तरी दर हजार बाळंतपणांत चारच्या आसपास होतात आणि घराण्यात सहसा उतरत नाहीत. आता दोन बीजं सोडणार कोण, तर बाई. हा गुण तुमच्यातही असू शकतो, पण तुमच्यात तो कामाचा नाही. तुमच्या मुलीला तो मिळाला तर तिला जुळी होऊ शकतील. मग गावात म्हणायचे, ‘बघा, एक पिढी सोडून झाली.’ पिढी सुटत वगैरे नाही, पुरुषापाशी तो गुण नुसता दडून बसतो. महाभारतात जुळ्या अश्विनीकुमारांपासून माद्रीला जुळेच झाले हे खरं, पण तो हिशेब देवांचा.

बाईच्या शरीरात बीज पिकवणारं एफएसएच नावाचं संप्रेरक असतं. ते ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात दोन बीजं सुटण्याची शक्यता जास्त. वयाच्या पस्तिशीनंतर ते वाढतं, म्हणून उशिरा होणाऱ्या बाळंतपणांत वेगळी जुळी जास्त दिसतात. उंच बायकांत आणि आधी बाळंतपणं झालेल्या बायकांतही थोडी जास्त. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांना या प्रवृत्तीशी जोडलेली दोन जनुकं सापडली. त्यांतलं एक थेट या संप्रेरकाचंच आहे. नायजेरियातल्या योरुबा लोकांत हजार बाळंतपणांत चाळीसच्या वर जुळी होतात. आपल्याकडे भारतात हे प्रमाण जगाच्या मानाने कमी. अपवाद केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोडिन्ही गावाचा. तिथे शेकडो जोड्या आहेत, संशोधक येऊन रक्ताचे आणि थुंकीचे नमुने घेऊन गेले, पाणीसुद्धा तपासलं, तरी नेमकं कारण हाती लागलेलं नाही. तुम्ही सुट्टीत कुटुंबासह जाऊन आलात तरी चालेल. बायकोवर परिणाम होणार नाही.

प्रश्न : पत्नीला सोळावा आठवडा चालू आहे. जुळी आहेत, वार एक, पाणमोटी दोन. डॉक्टर दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी सांगतात. माझ्या बहिणीलाही जुळी होती, तिला महिन्यातून एकदाच सांगायचे. हा पैसे काढण्याचा प्रकार तर नाही? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही. तुमच्या बहिणीच्या बाळांना बहुधा दोन वारा असणार. तुमच्या डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी बोलावलं नसतं, तर डॉक्टर बदला असं मी तुम्हाला लिहिलं असतं.

एकाच विहिरीवर दोन भावांची शेतं असली की काय होतं, हे आमच्या उसाच्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. पाट दोघांच्या शेतात सारखा वळतो तोवर सगळं सुरळीत. एकाच वारेवर दोन बाळं पोसली जातात तेव्हा वारेच्या आत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. जवळजवळ प्रत्येक जोडीत असतात. देवाणघेवाण दोन्हीकडून सारखी असेल तर कुणाला कळतही नाही. पण शंभरांतल्या दहा ते पंधरा जोड्यांत रक्ताचा ओघ एकाच दिशेने होतो. देणारं बाळ वाळायला लागतं. त्याची लघवी कमी होते, त्याच्या पाणमोटीतलं पाणी आटतं, आणि शेवटी पडदा त्याच्या अंगाला इतका चिकटतो की ते एका जागी अडकून पडतं. घेणाऱ्या बाळाला वाटतं आपलं बरं चाललंय, पण जास्तीचं रक्त उपसता उपसता त्याचं हृदय थकतं. त्याची लघवी वाढते, पाणमोट फुगते, आईचं पोट आठवड्याभरात ताणून दगड होतं.

हे बहुधा सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात घडतं आणि झपाट्याने घडतं. महिन्यातून एकदा बघितलं तर दोन भेटींच्या मध्ये सगळं होऊन जातं. म्हणून पंधरा दिवस. सोनोग्राफी करणारे डॉक्टर दर वेळी दोन्ही पाणमोटींतलं पाणी मोजतात, दोघांची मूत्राशयं भरलेली दिसतात का ते बघतात, नाळेतला रक्तप्रवाह तपासतात. काही बिघडलेलं दिसलं तर आईच्या पोटातून एक बारीक दुर्बीण आत घालून, वारेवरच्या त्या जोडवाहिन्या लेसरने जाळून बंद करता येतात. या लेसरने दुसऱ्या पद्धतीपेक्षा, म्हणजे वरचेवर पाणी काढत राहण्यापेक्षा, बाळं जास्त वाचतात हे २००४ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत स्पष्ट झालं. मोठ्या शहरांतल्या फीटल मेडिसिन, म्हणजे पोटातल्या बाळावर उपचार करणाऱ्या, केंद्रांत आता ही सोय असते. उपचार न झालेल्या गंभीर प्रकारात बहुतेकदा दोन्ही बाळं जातात. आणि वार एक असताना दोघांपैकी एक दगावलं, तर त्याच घटकेला दुसऱ्याचं रक्त तिकडे ओढलं जाऊन त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. ‘एक गेलं तर एक तरी राहील,’ हा हिशेब इथे चालत नाही.

दोन सोनोग्राफींच्या मध्ये पोट अचानक वाढलं, दम लागायला लागला, झोपता येईना, तर तारखेची वाट पाहू नका. फोन करा आणि निघा. सगळं नीट राहिलं तर एका वारेच्या जुळ्यांचं बाळंतपण साधारण छत्तिसाव्या आठवड्यात, दोन वारांचं सदतिसाव्यात करतात. पाणमोटही एकच असेल तर नाळा एकमेकींत गुंततात, त्यांना बत्तीस ते चौतीस आठवड्यांत सिझेरियन करून बाहेर काढावं लागतं. तुमच्या घरी पाणमोटी दोन आहेत, तेवढी एक काळजी कमी. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही ही तपासणी होते. पण चुकवू नका.

प्रश्न : सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दोन ठोके दिसले होते. घरात सगळ्यांना सांगून झालं. अकराव्या आठवड्यात एकच बाळ दिसलं, दुसऱ्या पिशवीत काही नाही. सासूबाई विचारतात, दुसरं गेलं कुठे? मशीन खोटं बोलत होतं का? आता पिशवी साफ करावी लागेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मशीन खरंच बोलत होतं. दोन होती. लवकर सोनोग्राफी केली की जेवढी जुळी दिसतात, त्यांतल्या पाच-चार जोड्यांमागे एका जोडीतलं एक बाळ तीन महिन्यांच्या आत वाढायचं थांबतं. बहुतेकदा त्याच्या गुणसूत्रांत सुरुवातीपासूनच असा दोष असतो की ते पुढे वाढूच शकत नाही. पूर्वी पहिली सोनोग्राफीच पाचव्या महिन्यात व्हायची, तेव्हा अशी कितीतरी जुळी कुणाला न कळता एकाची झाली.

गेलं कुठे, तर तुमच्याच शरीराने ते हळूहळू शोषून घेतलं. पिशवी साफ करायची नाही, कुणी सुचवलं तरी नाही. आत दुसरं बाळ नीट वाढतंय. थोडे डाग दिसू शकतात, जास्त रक्तस्राव झाला तर दवाखान्यात जा. पहिल्या तीन महिन्यांत असं झालं तर राहिलेल्या बाळाला सहसा त्रास होत नाही. पुढे आईच्या रक्तातून गुणसूत्रांची तपासणी करायची ठरली, तर आधी जुळी होती हे तिथे आवर्जून सांगा. गेलेल्या गर्भाचे अंश रक्तात काही काळ राहतात आणि निकाल फसवा येऊ शकतो. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. आणि तुम्हाला वाईट वाटत असेल तर वाटू द्या. ‘एक तरी आहे ना’ असं म्हणून कुणी गप्प करायला लागलं तर त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न : आयव्हीएफमध्ये आमचा एकच गर्भ आत सोडला होता. आता जुळी आहेत. दवाखान्याने आम्हाला न सांगता दोन सोडले असतील का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : संशय घेण्याआधी सोनोग्राफीत वार किती आहेत ते बघा. वार एक असेल तर सोडलेल्या एका गर्भाचेच दोन झाले. प्रयोगशाळेत पाच दिवस वाढवलेला गर्भ सोडला तर असं होण्याचं प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेपेक्षा थोडं जास्त असतं. वारा दोन असतील तर एक शक्यता अशीही असते, की त्याच महिन्यात तुमचं स्वतःचं बीज सुटलं आणि दिवस राहिले. त्यापुढचं दवाखान्याच्या नोंदींवरून कळेल, त्या मागायचा तुम्हाला हक्क आहे. बीज पिकवण्याच्या नुसत्या गोळ्या घेऊनही जुळी होतात, हे बाकीच्या वाचकांसाठी. १९८० च्या दशकात जगात हजार बाळंतपणांत नऊ जुळी होत, आता बारा होतात. या वाढीमागे मुख्यतः हे उपचार आणि बायकांचं वाढलेलं वय आहे.

प्रश्न : पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. जुळ्यांचे दोनच प्रकार शिकवत आलो. तिसरा प्रकार निघाला आहे असं वाचलं. – निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : सर, निघाला आहे, पण तुमच्या विद्यार्थ्यांचे गुण कापायची गरज नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एका बाईंना सहाव्या आठवड्यात एकाच वारेची जुळी दिसली. चौदाव्या आठवड्यात बघतात तर एक मुलगा आणि एक मुलगी! तपासणीत निघालं की दोघांना आईकडून आलेला वाटा तंतोतंत सारखा होता, बापाकडून आलेला मात्र वेगवेगळा. एकाच बीजात दोन शुक्रजंतू शिरले होते आणि पुढे तो गर्भ दुभंगला. एरवी असा गर्भ जगत नाही. २०१९ मध्ये ही हकिकत छापून आली. त्याआधीचं असं एकच उदाहरण, २००७ मध्ये अमेरिकेतलं. दोन उदाहरणांवरून पाठ्यपुस्तक बदलत नाहीत.

तुम्ही जनुकांच्या प्रमाणाचा हार्डी-वाइनबर्ग नियम शिकवलाच असेल. त्यातला वाइनबर्ग हा जर्मनीत श्टुटगार्टला बाळंतपणं करणारा डॉक्टर होता. वेगळ्या जुळ्यांत निम्म्या जोड्या मुलगा-मुलगी असणार, एवढ्याच विचारावरून त्याने १९०१ मध्ये एकसारख्या जुळ्यांची संख्या काढायची रीत बसवली. मुलगा-मुलगीच्या जोड्या दुप्पट करा, ती झाली वेगळी जुळी, उरलेली एकसारखी. ना सोनोग्राफी, ना डीएनए. आमच्या व्यवसायातला माणूस म्हणून मला त्याचा भारी अभिमान वाटतो. आणि वर्गात सांगायला एक प्राणी देते. नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो, अंगावर कवच असलेला. त्याची मादी दर वेळी एकाच बीजाची चार एकसारखी पिल्लं देते.

प्रश्न : मी आणि माझी बहीण जुळ्या आहोत, नववीत आहोत. सगळे आम्हाला एकसारख्या म्हणतात, पण आई म्हणते जन्माच्या वेळी वारा दोन होत्या म्हणून आम्ही वेगळ्या. मी डावखुरी आहे, ती उजवी. माझ्या गालावर तीळ आहे, तिच्या नाही. ती जन्मताना माझ्यापेक्षा अर्धा किलो जास्त होती. मग आम्ही नक्की कोण? – तुमची वाचक, दापोली

उत्तर : आईच्या म्हणण्याचं उत्तर वर बार्शीच्या आजींना दिलंय ते वाच. दोन वारा असूनही तुम्ही एकसारख्या असू शकता. खात्री करायची तर गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन डीएनए तपासतात.

बाकी तुझी तिन्ही कारणं कच्ची आहेत. एकसारख्या जुळ्यांत एक डावखुरी आणि एक उजवी, असं सर्रास दिसतं. वजनात फरक पडतो तो वारेत कुणाच्या वाट्याला किती भाग आला आणि नाळ मध्यावर जोडली की कडेला, त्यावरून. तिळाचं म्हणशील तर एका बीजापासून निघालात तरी पुढे प्रत्येकीच्या पेशी वेगळ्या वाढल्या. पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल होते, आणि नक्कल करताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एकसारख्या जुळ्यांचा सगळा डीएनए वाचून बघितला. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळातले, सरासरी पाच बदल दोघांत वेगळे निघाले. शिवाय तुम्ही मुली. मुलींच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यांतलं एक बंद ठेवलं जातं. कुठल्या पेशीत कोणतं बंद व्हायचं, ते आईच्या पोटात असतानाच, आपापल्या नशिबाने ठरतं. तुझी वाटणी वेगळी, तिची वेगळी.

हे कळून घेण्याचा खराखुरा उपयोग एकदा फार मोठा झाला. १९५४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत बॉस्टनला रिचर्ड हेरिक नावाच्या तरुणाची मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्या काळी दुसऱ्याचा अवयव शरीर स्वीकारत नसे. पण त्याचा जुळा भाऊ होता, रॉनल्ड. डॉक्टरांनी आधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला. तो गळून पडला नाही, रुजला, म्हणजे दोघं एकसारखे. मग डॉ. जोसेफ मरे यांनी रॉनल्डचं मूत्रपिंड रिचर्डला बसवलं. जगातलं यशस्वी झालेलं हे पहिलं मूत्रपिंड प्रत्यारोपण. रिचर्ड आणखी आठ वर्षं जगला, दवाखान्यात त्याची शुश्रूषा करणाऱ्या नर्सशीच त्याने लग्न केलं. मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

बोटांचे ठसे मात्र तुम्हा दोघींचे सारखे नसणार, एकसारख्या असलात तरी. बोटांवरच्या रेषा तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात उमटतात. त्या वेळी कुणाचा हात पिशवीत कुठे दाबला गेला, बोट किती भराभर वाढलं, यावर त्यांची वळणं ठरतात. डोळ्यांतल्या बुबुळाचंही तसंच. पंधरा वर्षं पुरी झाली की आधारसाठी दोन्ही पुन्हा द्यावी लागतात. तेव्हा दोघी एकाच दिवशी जा. यंत्राचा काही घोळ होणार नाही, खुर्चीत बसलेल्या माणसाचा होईल.